हजेरी लावणारी सल्लागार

मार्च संपायला चार दिवस उरले होते. आमचं ऑफिस लोणावळ्याच्या डोंगरउतारांवर बंगले बांधायचं. साहेबांनी आम्हा पाच इंजिनिअरांना केबिनमध्ये बोलावलं आणि प्रत्येकापुढे दोन कागद ठेवले. पहिल्या कागदात मी नोकरीचा राजीनामा देत होते. दुसऱ्यात त्याच ऑफिसची सल्लागार होत होते.

"काम तेच, साइट त्याच," साहेब म्हणाले. "फक्त पगाराऐवजी फी मिळेल. पीएफ कापला जाणार नाही, म्हणजे हातात जास्त पडेल. कर सरळ दहा टक्के कापू. विषय संपला."

तिथे माझी नऊ वर्षं झाली होती. कागद घरी नेऊन वाचू का, असं मी विचारलं.

"वाचा की. पण एप्रिलपासून कोण आहे आणि कोण नाही, ते मला आजच कळायला हवं."

बाकीच्या चौघांनी सह्या केल्या. मग मीही केली.

घरी आल्यावर आबांना सांगितलं. माझे वडील देहूरोडच्या लष्करी डेपोतून निवृत्त झालेले. आता बेडशाला आमच्या घरी असतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अंगठा लावावा लागतो का अजून?"

"हो, सकाळी नऊला."

"आन् रजा?"

"साहेबांना विचारूनच."

"मग राजीनामा कशाचा दिलास गं? नोकरी तर हाय तशीच हाय."

मला राग आला. तुम्हाला आताचं काही कळत नाही, असं बोलून गेले.

वर्ष निघून गेलं. मध्ये तापाने तीन दिवस घरी राहिले, तर तेवढी फी कापली गेली. तेही मी सोडून दिलं. पुढच्या जुलैत दरवर्षीसारखं मोबाइलवर स्वतःच रिटर्न भरलं. आधी ऑफिसकडून कापलेल्या कराचा दाखला म्हणून फॉर्म सोळा मिळायचा, या वेळी सोळा-अ आला होता. एका अक्षराचा फरक, म्हणून मी लक्ष दिलं नाही. आलेले पैसे पगार म्हणून दाखवले, पगारदारांना मिळते ती वजावट घेतली आणि मोकळी झाले.

सप्टेंबरात तुंगार्लीच्या साइटवर स्लॅब चालू असताना मोबाइल वाजला. आयकर खात्याचा मेल होता. तुमचं रिटर्न सदोष आहे, कर फीवर कापलाय आणि तुम्ही पगार दाखवलाय, पंधरा दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर ते भरलंच नाही असं धरलं जाईल. काँक्रीटची गाडी अर्धा उतार चढून आली होती. स्लॅब मध्येच थांबवता येत नाही. मी सळ्यांवर उभी राहून माणसांना सूचना देत होते आणि डोक्यात एकच चाललं होतं, आपण सरकारला फसवलं की काय?

ऑफिसच्या अकाउंटंटला विचारलं. तो मान वर न करता म्हणाला, "मॅडम, तुम्ही आमच्या पगारपत्रकात नाहीच. तुमचा कर तुम्ही बघायचा."

तळेगावात एक कर सल्लागार बाई आहेत, साठीच्या. त्यांच्याकडे गेले तेव्हा नऊ दिवस उरले होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, "पगारदाराचा कर मालक हिशेब करून कापतो. फी घेणाऱ्याचा सरसकट दहा टक्के कापला जातो, पुढचं त्याने स्वतः बघायचं. कमी पडत असेल तर पंधरा मार्चच्या आत भरायचं. पगारदाराची वजावट तुम्हाला नाही. पण तुम्ही इंजिनिअर आहात. फीची निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची सोय आहे. तेवढ्यावर कर लागत नाही, म्हणून तुमचा कापलेला सगळा कर परत येईल."

माझ्या जिवात जीव आला. त्यांनी मात्र माझा राजीनामा पुढे ओढला.

"नऊ वर्षांची ग्रॅच्युइटी मिळाली?"

"नाही. साहेब म्हणाले, नोकरी चालूच आहे असं समजा, शेवटी एकदम देऊ."

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे सरकारला सांगायचं नोकरी संपली आणि तुम्हाला सांगायचं चालू आहे. दोन्ही खरं कसं असेल? आधी त्यांना विचारा. रिटर्न तुमच्या सहीने जाणार आहे."

दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. कर्जाचे हप्ते चालू होते आणि हातातलं काम जाईल ही धास्ती होती. तिसऱ्या दिवशी मी अर्ज लिहून केबिनमध्ये गेले.

"साहेब, मी नोकरीत असेन तर मला परत पगारपत्रकावर घ्या. नसेन तर माझी ग्रॅच्युइटी द्या. मग उद्यापासून मी अंगठा लावणार नाही."

"तुम्ही मला धमकी देताय?"

"नाही. मी रिटर्नमध्ये काय लिहू, ते विचारतेय."

त्यांनी अर्ज वाचला. मग म्हणाले, "तुम्ही सल्लागार आहात. तेच लिहा." अर्जाच्या प्रतीवर त्यांनी पोच दिली. मी बाहेर आले तेव्हा टेबलांवरची चारही डोकी खाली होती.

तेराव्या दिवशी मी सल्लागार म्हणून नवं रिटर्न भरलं. कर परत आला. ग्रॅच्युइटीसाठी कामगार खात्यात दोनदा जावं लागलं, मग ती दोन चेकने मिळाली. पण दिवाळीनंतर साहेबांनी मला नवी साइट दिली नाही. नोटीस वगैरे काही नाही, फोन येणंच थांबलं. ते तीन महिने फार वाईट गेले. आबांनी एकदाही टोमणा मारला नाही, त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. एकदा मीच म्हणाले, "तुमचं बरोबर होतं." ते म्हणाले, "बरोबर असून काय करायचंय? जेव आधी."

पुढे इंदुरीला एका घराचं काम मिळालं, मग आणखी एक. आता दर मार्चला मी स्वतःच हिशेब करते. आजारी पडले तर कमाई थांबते, हे मनातून जात नाही.

गेल्या महिन्यात जुन्या ऑफिसातल्या एकाचा फोन आला. आम्हा पाच जणांत पहिली सही त्यानेच केली होती. आधी इकडचं तिकडचं बोलला. मग आवाज बारीक करून म्हणाला, "तो तुझा अर्ज आहे का गं अजून? मला पाठवशील?"

मी लगेच पाठवला.