नीळकंठ सरांचा भूमध्य समुद्र

पडदा वर जातो तेव्हा हॉलंडमधल्या डीमन गावी, मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची बाहेरची खोली दिसते. डावीकडे भरलेल्या बॅगा, उजवीकडे बाल्कनी, तिच्याखाली कालवा. साल २००६, जूनमधली न संपणारी संध्याकाळ. मधोमध सोफ्यावर नीळकंठ सर, पायात कोरे करकरीत बूट. बोट परवा व्हेनिसहून सुटायची, पण सरांनी बूट आजच चढवले होते.

"घरात बूट?" सरांच्या पत्नी पद्मजाबाईंनी हटकलं.

"डेकवर पाय घसरायला नको. तालीम चाललीये."

वाईच्या शाळेत सरांनी उभा जन्म भूगोल शिकवला. खडू न उचलता ते फळ्यावर अख्खा भूमध्य समुद्र काढत. बुटाच्या आकाराची इटली उमटली की पोरं टाळ्या पिटत. समुद्र मात्र फळ्यावरचाच राहिला. आता दृष्टी चालली होती. कडेचं दिसे, मधलं कुणी डस्टर फिरवल्यासारखं पुसट. पुढच्या वर्षी तेही दिसेल याची खात्री डॉक्टर देत नव्हते. म्हणून मुलानं, आशुतोषनं, ही लहानशी, स्वस्तातली बोट शोधली. केबिनला खिडकीसुद्धा नव्हती.

"मी काय झोपायला चाललोय?" सर म्हणाले होते.

फोन वाजला. बुकिंग करणाऱ्या बाईंचा होता. आशुतोष बोलता बोलता उठला. मग वडिलांचा पासपोर्ट उघडून बसला.

"बाबा, तुमचा व्हिसा सिंगल एंट्री आहे."

"मग? एकदाच तर आलोय."

"बोट मध्ये क्रोएशियाला लागते. ते शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या देशांच्या, बाहेर. परत इटलीत शिरायचं म्हणजे दुसरी एंट्री. तुम्हाला बोटीवर घेणारच नाहीत. माझं लक्षच गेलं नाही, बाबा."

पद्मजाबाई नातीच्या जन्माच्या वेळी येऊन गेल्या होत्या, त्यामुळे त्यांना मल्टिपल एंट्रीचा मिळाला होता. दुसऱ्या दिवशी आशुतोषनं दिसेल तिथं फोन लावले. सगळीकडं उत्तर एकच: हा व्हिसा इथं बदलून मिळत नाही. आणि परतीचं विमान तर पुढच्याच आठवड्यात.

"तू आणि आशुतोष जा," सर बायकोला म्हणाले. "काय दिसतंय ते नाहीतरी तूच मला सांगणार होतीस. आल्यावर सांग."

"मी एकटी काय बघू? इटली कुठं संपते तेसुद्धा मला कळायचं नाही."

"टाचेपाशी," सर म्हणाले.

कुणीच गेलं नाही. बोट सुटायच्या वेळेला दोघं बाल्कनीत बसले होते. आशुतोष आत, भिंतीकडे तोंड करून. सरांच्या पायात तेच बूट. पद्मजाबाईंना ते बघवेना.

"पाणी निळंशार आहे हो," त्या अचानक म्हणाल्या. "आणि लांब तिकडं... एक बेट..."

सरांनी कडेनं बघण्यासाठी मान जराशी तिरकी केली, चाचपडत त्यांचा हात धरला आणि म्हणाले,

"पद्मा, कालवा आहे तो. बदकं किती आहेत, तेवढं सांग."