गढीची सातवी पायरी

साकोलीजवळच्या आमच्या गावात जुनी गढी आहे. आतली बाग तीन टप्प्यांची. टप्प्याटप्प्याला दगडी भिंत आणि वरून खाली अठरा अरुंद पायऱ्या. ऐंशी सालाच्या आधी काही वर्षं मी तिथला चौकीदार होतो. बाग कधीच वाळली होती, चौकीदारी तेवढी हिरवी होती.

एका पावसाळ्यात सातवी पायरी गेली. फुटली, घसरली असं नाही, गेलीच. दिवाळीनंतर भंडाऱ्याहून साहेब पाहणीला येणार होते. एक दगड जरी कमी भरला तर घरी बसशील, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

माझा स्वभाव मुळात संशयी. ज्याच्या दारात नवा दगड दिसे तो माझ्या लेखी चोर. लोकांचे पाटे उलटे करून पाहिले, न्हाणीत डोकावलो. बायकांच्या शिव्या खाल्ल्या. शेवटी संशय शेतशेजाऱ्यावर येऊन ठेपला. तो माझ्याशी नजरच मिळवत नव्हता. चोराच्या मनात चांदणं, मी बायकोला म्हटलं.

"तीन दिवसाची पोरगी गेली त्याची श्रावणात," ती म्हणाली. "कोनाशी बोलन तो?"

मला ते पटलं नाही. दरवर्षी आम्ही एकमेकांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, राबायचो. त्या वर्षी धान कापायला मी त्याच्याकडे गेलो नाही.

साहेब येण्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, त्याच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोरीचे काटे रचलेले दिसले. बाजूला केले. खाली दगड, मधोमध पावलांनी झिजून खोलगट झालेला. माझीच पायरी! आनंदाच्या भरात मी ती उचलायला वाकलो.

"भाऊ, नोका उचलू." तो मागे उभा होता. "पोरगी हाय खाली. कोल्हे उकरतीन म्हून ठेवला. त्या पान्यात जड दगड कुठं पाहू मी?"

तान्ह्या लेकरांना आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. हे मला ठाऊक होतं. गावभरचे पाटे तपासताना एवढं सुचलं नाही, याची लाज आजही वाटते. मी काटे होते तसे रचून दिले.

साहेबांनी पायऱ्या मोजल्या. मी सांगितलं, "माझ्याच हातून फुटली, साहेब." दोन महिने मी गावाकडे जसा पाहत होतो, तसेच ते माझ्याकडे पाहत राहिले.

"विकलीस ना?"

मी मान खाली घातली. नोकरी त्याच महिन्यात गेली.

पुढच्या पावसाळ्यात, रोवण्याच्या, म्हणजे धान लावणीच्या, पहिल्या दिवशी, तो आणि त्याची बायको न बोलावता माझ्या बांधीत उतरले. तिथून तो धुरा समोरच दिसतो. आम्ही तिघांनी तिकडे पाठ करून दिवसभर रोवणा केला.