रूथचं लग्न आत, आम्ही बागेत

रूथचा मेसेज ऑफिसच्या मीटिंगमध्ये आला. ‘ताई, तारीख ठरली. शुक्रवारी श्टांडेसआम्टमध्ये सरकारी, शनिवारी टेंपलमध्ये. बाबांना घेऊन ये. टेंपलमध्ये तुम्हाला आत येता येणार नाही, हे बाबांना तूच सांग.’

रूथ माझी धाकटी बहीण, फ्रँकफर्टला नर्स आहे. दोन वर्षांपूर्वी ती मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत सुरू झालेल्या एका ख्रिस्ती पंथाची, झाली आणि त्यांच्यातल्याच योनासशी तिचं जमलं. आम्ही मूळचे नगरचे, तीन पिढ्यांचे प्रोटेस्टंट. बाबा निवृत्त शिक्षक. चर्चच्या कमिटीवर होते, संडे स्कूलमध्ये कितीतरी वर्षं मुलांना शिकवलं. आई तीन वर्षांपूर्वी गेली. मेसेज आला तेव्हा बाबा वाल्डॉर्फला, जर्मनीतच, माझ्याकडे राहायला आले होते, म्हणून सांगायचं काम माझ्यावर आलं.

“आत का नाही?” बाबांनी विचारलं.

“त्यांच्यातसुद्धा ज्यांना चर्चने तसं कार्ड दिलंय तेच आत जातात, बाबा.”

“आपल्याकडे रस्त्यावरचा माणूस लग्नात शिरला तरी त्याला सरकून जागा देतात,” ते म्हणाले आणि कोट इस्त्रीला काढायला उठले.

टेंपल, म्हणजे मॉर्मनांचं खास विधींचं मंदिर, फ्रँकफर्टच्या उत्तरेला फ्रीडरिक्सडॉर्फ नावाच्या गावात आहे. वाल्डॉर्फहून बसने स्टेशन, तिथून हायडेलबर्ग, मग फ्रँकफर्ट आणि शेवटी एस-फाइव्ह ही लोकल. डॉइचलँडटिकीट हा महिन्याचा पास असेल तर सगळीकडे तोच चालतो, फक्त जलद गाड्यांत बसायचं नाही. ॲपवर अडीच तास दाखवतात. आम्हाला साडेचार लागले, कारण मधली एक गाडी रद्द झाली आणि एका स्टेशनवर लिफ्ट बंद होती. बाबांचा गुडघा धरलेला. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ते थांबायचे आणि मी दोन बॅगा घेऊन त्यांच्या मागे. म्हातारं माणूस बरोबर असेल तर आदल्या दिवशीच निघा. आम्ही सकाळी सातला निघूनही श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे लग्नाच्या सरकारी नोंदणीच्या कचेरीत, धापा टाकतच पोचलो.

तिथलं लग्न वीस मिनिटांत झालं. अधिकारी बाई प्रसन्न होत्या, सह्या झाल्या, आणि कायद्याने रूथ बायको झाली. हे लग्न कुणालाही बघता येतं. बाबा पहिल्या रांगेत बसले. जर्मनचा एकही शब्द कळत नव्हता, तरी मान हलवत होते.

जेवण ग्रीक रेस्टॉरंटमध्ये होतं. वाइन नाही, कॉफी नाही; मॉर्मन दोन्ही पीत नाहीत. सफरचंदाच्या ज्यूसमध्ये सोडा घालून दिला होता. बाबा योनासच्या शेजारी बसले आणि त्यांनी इंग्रजीत सरळ विचारलं, “तुम्ही त्रैक्य मानता का?”

योनास गोड मुलगा आहे. त्याने टाळलं नाही. “पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तिघांना मानतो. पण आमच्या मते ते तीन वेगळे आहेत, मनाने एक. आणि पित्यालाही शरीर आहे, हाडामांसाचं.”

बाबांनी काटा खाली ठेवला. आमच्याकडे देव एकच, तीन व्यक्तींमध्ये, आणि पिता म्हणजे आत्मा. त्याला शरीर नाही. लहानपणी मी एकदा देव किती उंच आहे असं विचारलं होतं, तेव्हा बाबांनी मला तासभर समजावलं होतं.

“आणि रूथ तीन महिन्यांची असताना मी तिला बाप्तिस्म्याला नेलं, त्याचं काय?”

“येशूचे प्रेषित गेल्यानंतर बाप्तिस्मा द्यायचा अधिकार पृथ्वीवर राहिला नाही, असं आम्ही मानतो,” योनास हळू म्हणाला. “पुढे अमेरिकेत एका संदेष्ट्याला तो परत दिला गेला. म्हणून मधले बाप्तिस्मे आम्ही धरत नाही.”

“मधले म्हणजे आम्ही सगळेच.”

खरं तर आमचं चर्चही त्यांचा बाप्तिस्मा धरत नाही. योनास उद्या नगरला आमच्या चर्चमध्ये यायचं म्हणाला, तर त्यालाही पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. हे मी बोलले नाही. सगळ्यांची भूक तशीही गेली होती.

शनिवारी गेस्टहाउसच्या नाश्त्याला झ्वीबाक मिळाले, आपल्या टोस्टसारखे. शेकडो वर्षांपूर्वी धर्मासाठी फ्रान्स सोडून पळालेल्या प्रोटेस्टंटांनी हे गाव वसवलं, आणि हे टोस्ट ही गावाची खासियत. बाबांनी चहात बुडवून तीन खाल्ले. एवढ्या प्रवासात त्यांना मनापासून आवडलेली ही एकच गोष्ट.

टेंपलची इमारत फिकट रंगाची आणि शांत, मनोऱ्यावर तुतारी वाजवणारा सोनेरी देवदूत. क्रूस कुठेच नाही. बाबांनी तो शोधला, मला दिसत होतं. बाग मात्र सर्वांना खुली आहे आणि सुरेख राखलेली आहे. आम्ही बसलो होतो तिथे योनासची मावशी उर्सुला आली. ती लुथरन, म्हणजे आमच्यासारखीच प्रोटेस्टंट, म्हणून तीही बाहेर.

“माझ्या बहिणीच्या लग्नालाही मी इथेच होते,” ती म्हणाली. मग आम्हाला आवाराबाहेरच्या बाकावर नेऊन तिने पर्समधून थर्मास काढला. कॉफी होती. बाबा कॉफी पीत नाहीत, पण तेव्हा प्यायले.

“आत नेमकं काय करतात?” त्यांनी मला विचारलं.

“त्यांना कायमचं जोडतात. मेल्यानंतरही नवराबायको राहतात.”

आमच्याकडे शपथ मरणापर्यंतचीच असते. स्वर्गात लग्न नसतं, असं आम्ही शिकलो. बाबांनी कप बाकावर ठेवला. “तुझ्या आईला मी मरेपर्यंतचंच वचन दिलं होतं,” ते म्हणाले. “तेवढं पाळलं.”

रूथ पांढऱ्या पोशाखात बाहेर आली. फार सुंदर दिसत होती. फोटो झाले आणि मग ती बाबांजवळ येऊन बसली.

“बाबा, एक विचारायचंय. गेलेल्या माणसाच्या नावाने आमच्यात कुणीतरी उभं राहून बाप्तिस्मा घेतं. मला आईचा करायचाय. मग आई आणि मी कायमच्या जोडल्या जाऊ. पण त्याला तुमची परवानगी लागते.”

“आईचा बाप्तिस्मा झालाय.”

“तिच्यावर जबरदस्ती नसते, बाबा. घ्यायचं की नाही, ते तिकडे तीच ठरवते. ती नाही म्हणू शकते.”

“तुला ती कधी नाही म्हणाली होती?”

मग बाबाच पुढे बोलले.

“तू जर्मनीला निघालीस तेव्हा आठवडाभर जेवली नाही ती. तुला मात्र हसत पाठवलं. तिला तुला नाही म्हणता यायचं नाही. म्हणून तिच्या वतीने मी म्हणतो. नाही.”

रूथ रडली. मग बाबांच्या कोटाची कॉलर नीट करत म्हणाली, “मी थांबेन.” कधीपर्यंत, ते आम्हा तिघांनाही कळलं.

परतीच्या गाडीत बाबा डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले.

“मी गेल्यावर कुणाची परवानगी लागेल?”

“आमचीच. आम्हा दोघींची.”

“माझं करायचं म्हणाली तर करू दे तिला. मला चालेल. आईचं मात्र तू होऊ देऊ नकोस.”

मी हो म्हटलं. नाताळ सोडला तर मी चर्चला जात नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

असं लग्न तुमच्या घरात ठरलं असेल, तर श्टांडेसआम्टला नक्की जा. आई-वडिलांना खरं काय ते निघण्याआधी सांगा, आणि बागेतल्या दोन तासांसाठी त्यांच्याजवळ कुणीतरी बसेल असं बघा. माझ्या अंगातला त्या दोन दिवसांचा शीण अजून गेलेला नाही.

बाबा नगरला परतले. परवा रूथचा फोन आला, बाबा रागावलेत का म्हणून. मी तिला गाडीतलं सगळं सांगितलं.

तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, “पण ताई, आईशिवाय बाबा तिकडे एकटे काय करतील?”

त्यांना अजून पुष्कळ वेळ आहे, असं काहीतरी मी म्हटलं. ती हो म्हणाली, आणि मग आम्ही मे महिन्यात बाबांकडे कुणी आधी जायचं ते ठरवत बसलो.