मैना काही अनाथ होईना!

सिनेमा दीड तासाचा, पण त्याचे किस्से सांगायला बसलं तर चहाची दोन पातेली संपतात! वडनेरला आमच्या स्नेहलने सिनेमा केला तेव्हा कपडेपट माझ्याकडे होता. स्नेहल सिंदी मेघेची, डायरेक्टर म्हणून पहिलाच सिनेमा. गोष्ट एका अनाथ गोंड मुलीची. ती हायवेवरच्या गावात येते आणि परक्या माणसांतून स्वतःचं घर जमवते. ते काम करणारी मैना खरीच गोंड, नऊ वर्षांची, आईला सोबत घेऊन आलेली. अख्खा सिनेमा तिच्या एका वाक्यावर उभा होता: "मले कोनी नाई." आणि अख्खं गाव ते वाक्य खोटं पाडायला टपलेलं!

*

पहिल्याच दिवशी घोळ. मैनाचा फ्रॉक मी मेहनतीने फाडला होता, खांद्यावर नेमका चार बोटं. अर्धा सीन झाला, जेवणाची सुट्टी झाली, येऊन बघते तर भोक गायब! ज्यांच्या अंगणात शूटिंग होतं त्या कांताबाईंनी ते शिवून वर लाल फूलही भरलेलं. मी डोक्याला हात लावला, तर बाई माझ्यावरच उखडल्या.

"एवढ्या शिकल्यासवरल्या बाया तुमी, अन् लेकराले फाटकं घालून फिरवता?"

स्नेहलने मुकाट्याने फ्रॉक शिवायचा नवा सीन लिहिला. शिवतात कोण? कांताबाई!

*

मग हाकलण्याचा सीन. किराणावाल्याचं काम गावातल्या खऱ्याच किराणावाल्याकडे, शेटजींकडे. डायलॉग तीन शब्दांचा: "चल, निघ इथून!"

पहिला टेक: "चल, निघ इथून! ...जेवून जाजो."

"शेटजी, नुसतं निघ म्हणा!"

दुसरा टेक: "चल, निघ इथून! ...सांभाळून जाजो, रोडवर टरक हायेत."

सातव्या टेकला जमलं. जमल्याबरोबर शेटजींनी तिच्या हातात बिस्किटाचा पुडा ठेवला. "राग नको मानू बेटा, मॅडमनं बोलाले लावलं."

*

भुकेच्या सीनला मैनाने भाकरीवर झडप घालायची होती. पण त्या सकाळी चार घरी तिचा पाहुणचार उरकलेला. तिने ताट ढकललं. "पोटात जागाच नाई!"

*

एकदा तिने विचारलं, "मॅडम, रडू कशात? गोंडीत का मराठीत?"

स्नेहल म्हणाली, "घरी कशात रडतेस?"

"घरी मी रडतच नाई!"

*

आता शेवटचा. हा सांगताना माझी मान आपोआप ताठ होते, कारण तो शॉट सिनेमात जसाच्या तसा आहे.

शेवटच्या दिवशी फक्त ते वाक्य उरलं होतं. भाड्याचा कॅमेरा दुसऱ्या दिवशी नागपूरला परत जाणार. शॉट नाही तर सिनेमा नाही, स्नेहलची चार वर्षांची मेहनत पाण्यात. आणि मैना अडून बसली.

"मी नाई म्हनत. माही आई तं तिथं बसून हाये. कांताआजी हाये, शेटजी हायेत. एवढे जन उभे असून 'कोनी नाई' काऊन म्हनू?"

स्नेहल म्हणाली, "अगं, सिनेमात खोटं चालतं."

"मंग तुमी म्हना!"



शेवटी स्नेहलने फर्मान काढलं, सगळ्यांनी दिसेनासं व्हा. कॅमेरा स्टँडवर चालू ठेवून आम्ही सगळे, मैनाच्या आईसकट, कापसाच्या ढिगामागे दडलो. एकटी पडली की म्हणेल, असा हिशेब.

मैना अंगणात मधोमध उभी. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कोणी नाही. मग एकदम खुलली.

"बरं! लपले का सगळे? मी दहा मोजतो, मंग येतो तुमाले हुडकाले!"

डोळ्यांवर हात ठेवून तिने गोंडीत मोजायला सुरुवात केली. माझ्या शेजारी स्नेहल तोंडात ओढणी कोंबून बसलेली. दहा झाले तशी मैना सरळ ढिगामागे धावत आली आणि अख्ख्या वडनेरला ऐकू जाईल अशी ओरडली,

"मॅडम सापडल्या! रडून राह्यल्या, आवाज आला!"