पाटाचा रस्ता

धुराचा वास आला की मी खिडकी लावून घेतो, आणि घरच्यांना वाटते की मला दमा आहे. मीही त्यांना तसे वाटू दिले आहे. नाशिकमध्ये पौषातल्या पहाटे कुणीतरी कुठेतरी ओला पालापाचोळा पेटवतोच, आणि तो जड, सर्द, जमिनीलगत सरपटणारा वास जिने चढून आमच्या चौथ्या मजल्यापर्यंत येतो. सून म्हणते, "बाबा, एकदा छातीच्या डॉक्टरांना दाखवून घेऊ या." मी हसून विषय बदलतो. माझी छाती ठणठणीत आहे. जे आहे ते सांगायचे मी कित्येक वर्षे टाळले. आधी नोकरी होती म्हणून, नंतर नोकरी संपली म्हणून, आणि पुढे तर, ज्यांना सांगायचे ते स्वतः समोर बसून माझ्या बशीत चहा ओतत होते म्हणून. त्यांना आता सांगता येणार नाही. म्हणून हे लिहितो आहे, आणि लिहितानाही खिडकी बंदच आहे.

सायखेड्याच्या बाजूला, गोदाकाठच्या एका गावातल्या शाळेत मी मुख्याध्यापक होतो. गावाचे नाव लिहीत नाही. गावाचा यात काही दोष नाही. काळी जमीन, उसाचे फड, द्राक्षांच्या बागा, आणि त्या बागांमध्ये विखुरलेल्या वस्त्या. बहुतेक मुले मळ्यांतून यायची. कुणी बापाच्या मोटरसायकलवर, एक पुढे टाकीवर, दोघे मागे आणि मध्ये दप्तरांचा ढीग. कुणी जीपच्या मागच्या पायरीवर उभे राहून, एका हाताने टपाचा गज धरून. फाटकाशी उभा राहून मी रोज ती वाहने पाहायचो आणि शेवटचे मूल उतरेपर्यंत तिथून हलत नसे. एका वर्षी मी ठरवले की मुलांनी पायी यायचे किंवा सायकलने यायचे, आणि एकेकट्याने नाही, वस्तीवस्तीची टोळी करून.

रस्ताही मीच शोधला. धरणाच्या पाण्याचा पाट वस्त्यांच्या मागून वाहत गावापर्यंत येतो, आणि त्याच्या भरावावरून एक कच्ची वाट आहे. डांबरी रस्त्यापेक्षा ती बरीच लांब पडते, पण तिच्यावर गाडीघोडे नाही. सुट्टीत मी ती सायकलने पालथी घातली, काठ खचला होता तिथे मुरूम टाकून घेतला, आणि शाळा सुरू झाल्यावर घरोघरी जाऊन आईबापांना तयार केले. मग सकाळच्या तिरप्या उन्हात त्या वाटेवरून मुलांची रांग येऊ लागली. मोठी मुले पुढे, धाकटी मध्ये, आणि सर्वांच्या मागे गळ्यात शिट्टी अडकवलेली एक मुलगी. पाटाचे पाणी संथ असले की त्यात तीच रांग उलटी चालत यायची, आणि शेवटची सायकल पुढे गेली की बगळे पुन्हा काठावर उतरायचे. माझ्या हातून आयुष्यात फारशा सुंदर गोष्टी घडल्या नाहीत. ही त्यांतली एक होती, आणि आज सगळे माहीत असूनही मला ती नाकारता येत नाही. वाट चांगलीच होती.

शिट्टीवाली मुलगी म्हणजे अश्विनी, नववीतली, केदूनानांची एकुलती एक. केदूनाना द्राक्षवाले, उंच, किडकिडीत, बोलताना डोक्यावरची टोपी मागेपुढे सरकवत राहणारे. मी दिलेली ती शिट्टी अश्विनीने इतकी मनावर घेतली की पोरे तिला हवालदारीण म्हणू लागली. ती म्हणायची, "हवालदारीण तर हवालदारीण. रांगेत चाल, नायतर पावती फाडीन." तिच्या टोळीतले एकही मूल कधी मागे राहिले नाही. मागे राहणारा तिच्याही मागे कसा राहणार? ती स्वतःच सर्वांत शेवटी असायची.

माझा आणखी एक नियम होता. प्रार्थनेची घंटा झाली की फाटक बंद. उशिरा येणाऱ्याने प्रार्थना संपेपर्यंत बाहेर उभे राहायचे, मग सर्वांसमोर आत यायचे. या नियमाचा मला अभिमान होता. तालुक्यात आमच्या शाळेची शिस्त नावाजलेली होती. लांबच्या वाटेने या, हे मीच सांगितलेले आणि वेळेच्या आत या, हेही मीच सांगितलेले. पण हे दोन नियम मी कधी शेजारी ठेवून पाहिले नाहीत. पाटाच्या काठाने बाभळी होत्या. बाभळीचा काटा सायकलच्या टायरला काय करतो, हे त्या वाटेवर मुरूम टाकून घेताना माझ्या डोक्यात आले नव्हते.

त्या सकाळी अश्विनीची सगळी टोळी उशिरा आली. फाटकाबाहेर सायकली हातात धरून पोरे उभी राहिली, घामाने निथळत, थंडी असूनही. प्रार्थना संपल्यावर मी धाकट्यांना आत घेतले आणि तिला थांबवले. तपासणीचे दिवस होते, मन त्रासलेले होते.

"काय हवालदारीणबाई, आज शिट्टी वाजली नाही वाटतं?"

"सर, बारक्याची सायकल पंक्चर झाली. काटा घुसला. त्याला टाकून कसं येणार? आन् पाटानं लय टाइम लागतो, सर."

तिने खरे तेच सांगितले होते. भरल्या मैदानासमोर मला ते उलट उत्तर वाटले. मी हात पुढे केला. तिला आधी समजले नाही, मग समजले. तिने गळ्यातली दोरी काढली आणि शिट्टी माझ्या तळहातावर ठेवली. ती अजून कोमट होती.

"पाटानं उशीर होतो ना? मग डांबरीनं ये. नाहीतर उडत ये. पण उद्या प्रार्थनेला तू मला रांगेत दिसली पाहिजेस."

मैदानात हशा पिकला. मुख्याध्यापकाच्या विनोदाला मुले नेहमीच जरा जास्त हसतात. मीही हसलो. ती हसली नाही; मान हलवून वर्गात गेली.

त्या रात्री पारा फार खाली उतरला. द्राक्षे भरत आलेली होती, आणि अशा थंडीत मणी तडकतात, वर्षाची मेहनत एका पहाटेत जाते. म्हणून बागवाले लोक पहाटे उठून बागेत जागोजागी शेकोट्या करतात. जाळावर ओला पाचोळा मुद्दाम टाकतात, कारण त्यांना जाळ नको असतो, धूर हवा असतो. तो वेलींच्या मांडवाखाली गोधडीसारखा पसरून राहावा म्हणून. केदूनानांची बाग डांबरी रस्त्याला लागून होती. त्या पहाटे वारा नव्हता. नदीवरून धुके आले, बागेतून धूर आला, आणि रस्त्यावर दोन्ही मिळून भिंतीसारखे उभे राहिले.

अश्विनी घरातून लवकर निघाली. शिट्टी नव्हती, म्हणजे टोळीही तिची नव्हती. धाकट्यांना तिने दुसऱ्या मुलीच्या हवाली करून पाटाने पाठवले आणि स्वतः एकटी डांबरी रस्त्याला लागली. मागून दुधाची पिकअप आली. चालकाला ती दिसली नाही.

शाळेत त्या वेळी प्रार्थना चालू होती. मी डोळे उघडे ठेवून रांगांवरून नजर फिरवली, नववीच्या रांगेत ती दिसली नाही, आणि मला राग आला. त्या दिवसातले पुढचे पुष्कळ काही पुसट झाले आहे. माणसांचा आरडाओरडा, रस्त्याच्या कडेला पडलेली वाकडी सायकल, केदूनानांची धुराने काळवंडलेली मुद्रा. पण मला राग आला होता, हे मात्र लख्ख आठवते.

चौकशी झाली. मला विचारले गेले. मी सांगितले, "शाळेने मुलांना पाटाचा रस्ता ठरवून दिला होता. तो सोडून ती डांबरी रस्त्याने का आली, ते मला सांगता येत नाही." यातले पहिले वाक्य खरे होते, आणि त्याच्या आडोशाला दुसरे निभावून गेले. मैदानात एवढी मुले हसली होती, शिक्षक उभे होते, पण कुणी काही बोलले नाही. मुलांना वाटले असेल की मोठ्यांना माहीतच आहे. शिक्षकांना वाटले असेल की मी स्वतःच कधीतरी सांगेन. गावाने ठरवले की पोरगी हट्टी होती.

केदूनानांनी मात्र पोरीला दोष दिला नाही. ते मला भेटायला आले ते हात जोडूनच. म्हणाले, "सर, तुम्ही रस्ता आखून दिला व्हता. आमच्याच हातानं झालं. माझ्याच बागेचा धूर व्हता तो. बाप धूर करून बसला आन् लेक त्यात गेली." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या क्षणी बोललो असतो तर ते कदाचित माझ्या अंगावर धावून आले असते. पण त्यांचे ओझे थोडे तरी हलके झाले असते. मी म्हणालो, "नाना, असं मनात आणू नका." सांत्वनाच्या शब्दांत लपणे किती सोपे असते, हे मला त्या दिवशी कळले.

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी बागेत शेकोटी पेटवली नाही. मणी तडकले, घडच्या घड गेले. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी बागच तोडली आणि तिथे कांदे लावले. मग एका सकाळी ते शाळेच्या फाटकाशी येऊन बसले, सोबत कात्री आणि लाल रेडियमची गुंडाळी. येणाऱ्या प्रत्येक सायकलच्या मागच्या मडगार्डला ते पट्टी चिकटवू लागले. "थांब रे, बूड दाखव तुझ्या घोड्याचं," असे म्हणत, पोरांना हसवत. थंडी पडू लागली की दर वर्षी ते यायचे. धुक्यात पाटाच्या वाटेवरून ते लाल ठिपके चालत येताना दिसायचे, आणि मी खोलीत जाऊन बसायचो. टेबलाच्या खणात ती शिट्टी होती. एका प्रजासत्ताक दिनी आम्ही नानांचा सत्कार केला. शाल मी घातली, नारळ मी दिला, भाषणही मीच केले. त्यांनी वाकून माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत.

फाटक बंद करण्याचा नियम मी अश्विनी गेली त्याच वर्षी गुपचूप सोडून दिला होता. कुणी कारण विचारले नाही.

नोकरी संपल्यावर मी नाशिकला आलो, पण वर्षातून एकदा त्यांच्याकडे जायचो, सांगायचेच असे ठरवून. नाना बाजेवर बसवायचे, बशीत चहा ओतायचे, कांद्याच्या भावावरून सरकारला दोन शिव्या हासडायचे. शेजारच्या मळ्यात कुणी धूर केला की उठून दार लावून घ्यायचे आणि ओशाळे हसून म्हणायचे, "सोसत नाय, सर." मी म्हणायचो, "मलाही." मला वाटते, माझ्या तोंडून त्यांच्यापुढे निघालेला खरा शब्द तेवढाच.

अलीकडे आमच्या सोसायटीतल्या तरुण आईबापांनी मुलांना पायी आणि सायकलने शाळेत पाठवायचे ठरवले. चांगले आहे, रिक्षात कोंबलेली मुले मीही रोज पाहतो. त्यांच्यातली एक मुलगी, एका पोराची आई, घरी येऊन म्हणाली, "काका, तुम्ही हेडमास्तर होता, पहिल्या दिवशी झेंडा दाखवा." मी गुडघ्यांचे निमित्त सांगितले. मग जिन्यापर्यंत गेलेल्या त्या मुलीला परत बोलावून म्हणालो, "शाळेला एक विचारून घ्या. मूल उशिरा पोचलं तर शाळा काय करते?" ती जरा गोंधळली, "विचारते हं काका," म्हणाली आणि गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नाना गेल्याचा फोन आला. दहाव्याला मी सायखेड्याला गेलो. गोदेच्या काठावर माणसे बसली होती, पाण्यावरून धुके विरत होते. "सर, दोन शब्द बोला," म्हणून कुणीतरी माइक हातात दिला. मी बोललो, कष्टाळू, निर्मळ, मुलांवर माया करणारा माणूस. माणसांनी माना डोलावल्या. मग पिंड ठेवला, आणि सगळे मागे सरले.

कावळे होते. समोरच्या झाडावर ओळीने बसले होते, पण एकही खाली उतरत नव्हता. अशा वेळी गेलेल्याचे मन कशात अडकले असेल ते ओळखून नातलग मोठ्याने वचन देतात. पुतण्या पुढे झाला, "नाना, मळा पडीक पडू देणार नाय." कुणी म्हणाले, "काकूला सांभाळू, नाना, काळजी करू नका." ऊन चढत गेले. कावळा हलला नाही. तेव्हा नानांची बायको हळूच म्हणाली, "धुराचंच ऱ्हायलं आसंल त्यांच्या मनात. पोरीच्या येळच्या." गुरुजींनी विचारले, "अजून कुणाला काही बोलायचं आहे का?"

मी उठलो. मला वाटते मी एक पाऊल टाकलेही. शेजारच्या माणसाला वाटले की म्हाताऱ्याचे पाय आखडले. त्याने माझा दंड धरला, "बसा सर, बसा, उन्हाचं नका उभं राहू," आणि मी बसलो. गुरुजींनी थोडा वेळ वाट पाहिली, मग दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. माणसे कपडे झटकत उठली.

त्या काठावर मला जे म्हणायचे होते ते फार मोठे नव्हते. बाकीच्यांच्या वचनांत ते सहज खपून गेले असते. नाना, धुराचं मनात ठेवू नका. तिला त्या रस्त्यानं यायला मी सांगितलं होतं.