बेसमेंटमधला थोरला भाऊ

मंडळी, आज इकडे परदेशात, आमच्या ट्रॉय गावातल्या घराच्या बेसमेंटमध्ये चमत्कार झाला!

माझी ईशा नऊची, निनाद तेराचा. "दादा म्हण गं त्याला," हे मी ती बोलायला लागल्यापासून सांगतेय. उत्तर ठरलेलं: "बट हिज नेम इज निनाद!"

सध्या दोघं एक चिनी मारधाडीची सिरियल बघतात. माणसं कौलांवरून उडतात, एका तलवारीने दहाजण आडवे होतात. मला वाटायचं, पोरं त्यासाठीच बघतात. पण आजच्या भागात दोन लढवय्ये, ना नात्याचे ना गोत्याचे, गुडघ्यांवर बसले, एकाच वाडग्यातून प्यायले आणि भाऊ झाले. त्यानंतर धाकट्याने थोरल्याचं नावच घेतलं नाही. फक्त "दागऽ", म्हणजे मोठा भाऊ.

तेव्हापासून ईशा निनादला "दागऽ" म्हणतेय! आणि एरवी रिमोट न सोडणाऱ्या निनादने तो मुकाट्याने तिच्या हातात दिला.

मघाशी मी पोळ्या लाटत होते, तर ईशाने येऊन विचारलं, "आई, डू वी हॅव अ वर्ड लाइक दॅट?"

लाटणं तसंच हातात धरून मी म्हटलं, "दादा."

"ओह! दॅट्स व्हॉट दॅट मीन्स?"

इतकी वर्षं तिला ते काय वाटत होतं, कुणी सांगेल का मला?