नाव कोरलेली वाटी

मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा प्रयोगशाळेतलं सेंट्रिफ्यूज फिरत होतं. भाऊ, म्हणजे मॅडमचे यजमान, एवढंच म्हणाले, "सुहास गेली गं. झोपेतच." मी स्टुलावर बसून राहिले. मशीन मध्येच बंद केलं असतं तर नमुने वाया गेले असते, आणि वर गेल्यावरही मॅडमनी मला सोडलं नसतं... म्हणून ते थांबेपर्यंत थांबले, नळ्या फ्रीजरमध्ये ठेवल्या आणि मगच मुलुंडला, त्यांच्या घरी गेले. त्याला आता दीडेक महिना होईल.

डॉ. सुहास केळुसकर घाटकोपरच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. मी जिंतूरची, घरातली पहिली पदवीधर. पीएचडीला आले तेव्हा त्यांचा विषय मी फक्त नावाने ऐकला होता. आपल्या पेशी स्वतःच्याच आवरणात गुंडाळलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर सोडत असतात. पूर्वी लोकांना वाटायचं, हा पेशींचा कचरा. मग लक्षात आलं की त्यांत प्रथिनं असतात, निरोप असतात, आणि दुसऱ्या पेशी ते आत घेतात. हे मला नीट कळलं ते मात्र मॅडमच्या स्वयंपाकघरात.

त्यांच्याच इमारतीत, एक मजला खाली, त्यांनी मला खोली मिळवून दिली होती. वरून वाटी यायची. कधी काळ्या वाटाण्याची उसळ, कधी सोलकढी. पहिल्यांदा मी वाटी घासूनपुसून परत नेली.

"रिकामी? जिंतुरात अशीच देतात होय गं?"

"नाही मॅडम, पण माझ्याकडे नुसती जवसाची चटणी आहे."

"मग आण की. जेवण अडलंय माझं."

चटणी आणली, तेव्हा वाटीच्या काठावर कोरलेल्या नावावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "आपली पिशवी म्हणजे हीच. बाहेरून कळतं कुठल्या घरची, आतून कळतं त्या घरात आज काय शिजतंय. कॅन्सरची पेशीही रक्तात अशा वाट्या पाठवत असते. त्या ओळखता आल्या, तर बऱ्याचदा तपासणीसाठी सुई खुपसून गाठीचा तुकडा काढायला नको."

"आणि आपणच त्यात औषध घालून पाठवलं तर?"

"जगभर लोक त्याच्याच मागे आहेत. पण अजून बरंच बाकी आहे. आधी मोजायला शीक."

मी मोजायला शिकले. पिशव्या भरभरून मिळू लागल्या, मी खूश. वार्षिक आढावा जवळ आला होता. समितीला काम पटलं नाही तर फेलोशिप बंद आणि मी परत जिंतूरला, हे मला पक्कं ठाऊक होतं. मॅडमनी आलेख बघितला आणि विचारलं, "वाट्यांवरचं नाव वाचलंस?"

पेशी वाढवायच्या द्रावणात वासराच्या रक्ताचं सीरम घालतात. त्यातही अशाच पिशव्या असतात, त्या आधी काढून टाकाव्या लागतात. मॅडमनी पेशी न घालता नुसतं द्रावण तपासायला लावलं. पिशव्या जवळजवळ तेवढ्याच निघाल्या. मला रडू आलं आणि त्या हसत सुटल्या. "अगं, इतके दिवस आपण वासराच्या घरचं जेवतोय."

समितीसमोर मात्र त्या हसल्या नाहीत. "सीरम तपासून घेणं माझं काम होतं, ते राहिलं. मुलीची मोजणी अचूक आहे. फक्त ती वासराची आहे." समितीच हसली. मला मुदत मिळाली. पुढच्या खेपेला सीरममधल्या पिशव्या आधी काढून टाकल्या. आता पिशव्या अगदी कमी आल्या, तर मॅडमनी अख्ख्या प्रयोगशाळेला वडापाव खिलवला. म्हणाल्या, "थोड्या आहेत, पण आपल्या आहेत." त्याच थोड्या पिशव्यांवर माझा प्रबंध उभा राहिला.

त्या गेल्या तेव्हा त्यांची एक वाटी माझ्याकडेच होती. बरेच दिवस ती ओट्यावर पडून होती. शेवटी चटणी भरून वर गेले. भाऊंनी ती हातात घेतली, काठावरून अंगठा फिरवला. "ठेवायचीस गं तुझ्याकडेच. आता इथून कोण भरून पाठवणार?" मी वाटी तिथेच ठेवून आले.

परवा संध्याकाळी बेल वाजली. दारात भाऊ, हातात तीच वाटी.

"शिरा केलाय. खाली जरा लागलाय. पण रिकामी दिली असती तर तिने मला घरात घेतलं नसतं."

शिरा चांगलाच करपला होता. मी सगळा खाल्ला. वाटी घासून पालथी घातली आहे, काठावरचं मॅडमचं नाव वाचता येतंय. आईला फोन करून सांगितलंय, जवसाची चटणी या वेळी जरा जास्त पाठव.